मायकेलच्या थंड डोक्याचे कौतुक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सत्ताकारणावरील लेखात ‘द गॉडफादर पार्ट टू’ या चित्रपटातल्या माफिया टोळीप्रमुख मायकेल कॉर्लिओनेचा दाखला आहे. शत्रू ओळखावा, वेळ येईपर्यंत तोंड उघडू नये आणि घाव घालताना नाते पाहू नये, हे त्याच्याकडून शिकावे, असा लेखाचा सूर. तो मनाला लागला, म्हणून हे पत्र.

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा हा चित्रपट १९७४ सालचा. कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मलाही मायकेलच भावला होता. अल पचिनोची ती स्थिर नजर, तो खालच्या पट्टीतला आवाज! दुसऱ्यांदा पाहिला तो माझा थोरला भाऊ गेल्यानंतर, आणि या वेळी फ्रेडोवरून नजर हटेना.

फ्रेडो मायकेलचा मोठा भाऊ. सर्वांत थोरला सनी मारला गेल्यावर कारभार त्याच्याकडे यायचा, तो वडिलांनी धाकट्याकडे दिला. याच्या वाट्याला पाहुण्यांना विमानतळावरून आणणे आणि क्लब सांभाळणे. तळ्याकाठच्या घरात आरामखुर्चीत पसरलेला फ्रेडो जेव्हा मनात साचलेले सगळे बोलून टाकतो, तेव्हा जॉन कझाल यांच्याकडे बघवत नाही. ओरडताना त्यांना त्या खुर्चीतून धड उठताही येत नाही. फ्रेडोने मायकेलचा धंद्यातला भागीदार पण छुपा शत्रू असलेल्या हायमन रॉथच्या माणसांशी संधान बांधले, त्यातून मायकेलच्या शयनगृहावर गोळ्या झाडल्या गेल्या. गुन्हा मोठाच. पण खुनाचा बेत आपल्याला ठाऊक नव्हता, असे तो म्हणतो आणि मला ते पटते. आपण अशा गोष्टींना भाऊबंदकी म्हणून मोकळे होतो. इथे मात्र बांधाचा वाद नाही, डावलले गेल्याचे दुःख आहे.

सिनेटच्या चौकशीचा प्रसंग लेखकाने मायकेलची अचूक चाल म्हणून गौरवला आहे. टोळीतलाच जुना माणूस फ्रँक पेंटांजेली मायकेलविरुद्ध साक्ष द्यायला येतो, कबुलीजबाबावर त्याची सही झालेली आहे, सरकारी पहारा आहे. मायकेल सभागृहात येतो तो पेंटांजेलीच्या सिसिलीतल्या भावाला शेजारी घेऊन. तो म्हातारा तिथे एक शब्द बोलत नाही, नुसता बसून राहतो. पेंटांजेली त्याला पाहतो आणि दिलेला जबाब फिरवतो. भाऊ समोर बसला की माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे मायकेलला पुरते ठाऊक आहे. भावाच्या नात्याचे वजन ज्याला इतके कळते, तोच आईच्या अंत्यविधीला फ्रेडोला मिठी मारतो आणि त्याच्या खांद्यावरून, आपल्यासाठी खून पाडणाऱ्या हस्तकाकडे पाहतो. आई जिवंत असेपर्यंत फ्रेडोला काही होऊ द्यायचे नाही, हे त्याने आधीच बजावून ठेवलेले असते. पुढे तळ्यावर, होडीत, मासा गळाला लागावा म्हणून फ्रेडो प्रार्थना पुटपुटत असताना गोळी सुटते. मायकेल घरातून पाहत असतो. यातून नेमके काय शिकायचे, हे लेखकाने सांगावे.

चित्रपटातला वडिलांचा धागा तर लेखात आलेलाच नाही. १९०१ साली एलिस बेटावर एकटा उतरलेला पोरका व्हिटो मोठा होऊन माणसे जोडत जातो, एका विधवेला घराबाहेर काढू नये म्हणून घरमालकाकडे रदबदली करतो. तोही खुनीच आहे. पण वस्तीतल्या खंडणीखोर फानुच्चीला मारून आल्यावर तो घराच्या पायरीवर बसून तान्ह्या मायकेलला मांडीवर घेतो. व्हिटोच्याच भूमिकेसाठी आधी पहिल्या भागात मार्लन ब्रँडो यांना आणि या भागात रॉबर्ट डी नीरो यांना ऑस्कर मिळाले. हा धागा काढला तर उरते ती नुसती टोळीयुद्धाची गोष्ट.

मोबाइलवर तुकडे पाहून मायकेलला गुरू करणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे : तीन तास वीस मिनिटे काढा आणि सलग पाहा. शेवटाजवळ ७ डिसेंबर १९४१ चा प्रसंग आहे, वडिलांच्या वाढदिवसाचा. आपण सैन्यात नाव घातल्याचे मायकेल सांगतो. सनी भडकतो, घरातच वाढलेला मानलेला भाऊ टॉम नाराज होतो. टेबलाभोवतीचा एकच माणूस त्याचे अभिनंदन करतो, हात पुढे करतो आणि सनी तो हात झटकतो. तो हात फ्रेडोचा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली