खुर्च्या मागवण्याआधी

महाल, नागपूर

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

घरून काम करणारी तुमची माणसं पुढच्या महिन्यात परत मिहानच्या ऑफिसात येणार आणि त्यांच्या टेबल-खुर्च्यांचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकल्यापासून मला राहवत नाही. फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या ऑफिसात मला टाइपरायटर साध्या लिहायच्या टेबलावर दिला होता. टायपिंगचं टेबल त्याहून बुटकं असतं. मागितलं, मिळालं नाही. दिवसभर खांदे उचलून टाइप करायचं. तू तिसरीत होतीस तेव्हा उजवा खांदा इतका आखडला की तुझ्या वेण्या घालायला हात वर जाईना. तुला पाटावर बसवून मी पलंगावर बसायचे, तरी दुसरी वेणी बाबाच घालायचे. तुला मजा वाटायची. मला रडू यायचं.

म्हणून सांगते, ऑर्डर देण्याआधी माणसं बघ. टेबलं सरसकट अडीच फुटांची येतात. पाच फुटांच्या मुलीनं कोपर तिथवर आणायला खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते. तिला पायाखाली फूटरेस्ट हवाच. कोपर काटकोनात, खांदे सैल, मनगट सरळ, एवढं जमलं की निम्मं दुखणं टळतं.

नुसत्या लॅपटॉपवर कुणाला बसवू नकोस. स्क्रीन उंच घेतली तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान वाकते. स्टँड आणि वेगळे कीबोर्ड-माउस दे. स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत, असेल त्याला थोडी खाली. खिडकी स्क्रीनच्या बाजूला येऊ दे, पाठीमागे किंवा समोर नको. पश्चिमेकडच्या खिडकीला पडदे लावच, आपलं दुपारचं ऊन तुला ठाऊक आहे.

इतके दिवस पलंगावर, जेवणाच्या टेबलावर बसून काम केलेली माणसं दुखणं सोबत घेऊन येतील. चारचौघांत कुणी सांगणार नाही, विशेषतः नवीन पोरं. एकेकाला बाजूला घेऊन विचार. खुर्चीचा खटका कुठला कशाचा, ते बसवून दाखव. नाहीतर आली तशीच खुर्ची लोक वर्षभर वापरतात. आणि अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालू दे त्यांना, कुणी टोकलं तर तू मध्ये पड.

रविवारी येशील तेव्हा माझा टेप घेऊन जा. शिलाई मशीनच्या खणात आहे.

तुझी,
आई