फोर्ट सिलचा चर

सातारा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या साइटपासून ओक्लाहोमातलं फोर्ट सिल गाडीने दीडेक तासावर आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये. ती अजून लष्कराची चालू छावणी आहे, ओळखपत्र जवळ ठेव. तिथे एक चर आहे. "जन्म पाटबंधारे खात्यात गेला, तुम्हाला दुसरं काय दिसणार!" असं तुझी आई म्हणाली. पण हा चर काढलाय घोडदळातल्या एका सेकंड लेफ्टनंटने.

हेन्री फ्लिपर. १८५६ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मला आणि १८७७ मध्ये वेस्ट पॉइंटचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा, पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. त्याला मिळालं १० वं घोडदळ. शिपाई सगळे काळे, अधिकारी गोरे, त्यात हा एकटा. घोडदळ म्हटलं की आपल्याला टापा आणि बिगुल आठवतात. याच्या वाट्याला आलं रस्त्याचं काम, तारायंत्राची लाइन टाकून घेणं आणि रसदीचे हिशेब. फोर्ट सिलला पाणी साचून डबकी व्हायची, माणसं तापाने फणफणायची. हिवताप डासामुळे होतो हे डॉक्टर रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ साली. त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, साचलेलं पाणी वाईट एवढ्याच समजुतीवर, या पोराने ते वाहतं केलं. आधी कुणीतरी केलेला प्रयत्न फसला होता. बघणाऱ्याला पाणी चढावर जातंय असं वाटतं म्हणतात. तू लेव्हल लावून बघ, मला आकडे हवेत. १९७७ पासून तो चर राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे.

१८८० मध्ये पश्चिम टेक्ससमध्ये अपाची या मूळ अमेरिकी लोकांचा नेता व्हिक्टोरियो याच्याविरुद्ध मोहीम निघाली. १० व्या घोडदळाच्या कर्नल ग्रिअर्सनने त्याच्या मागे धावण्यापेक्षा वाळवंटातले पाणवठे अडवून धरले. लढाई म्हणून चोख, पण आपल्या मुलखातून हुसकलेल्या माणसांचं पाणी तोडायचं, आणि ते तोडायला गुलामगिरीतून कालपरवा सुटलेल्यांना पाठवायचं, हे मला पचत नाही. त्या मोहिमेत फ्लिपरने निरोप घेऊन २२ तासांत ९८ मैल घोडा दामटला. पोचल्यावर तो तिथेच आडवा झाला.

आता मुद्द्याचं. तुला साइटचा कॅश सांभाळायला दिलाय म्हणालास, म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो. टेक्ससमधल्या फोर्ट डेव्हिसला रसदीचा पैसा फ्लिपरच्या ताब्यात होता आणि तो राहत्या खोलीतल्या ट्रंकेत असायचा. १८८१ मध्ये नवा कमांडर, कर्नल शाफ्टर आला. पुढे हिशेबात तूट निघाली. फ्लिपरने ती वर कळवली नाही. पैसे भरून काढू म्हणून दडवली, आणि ज्या बँकेत खातं नव्हतं तिचा १,४४० डॉलरचा चेक लिहून ठेवला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तूट भरून दिली. कोर्ट मार्शलने अफरातफरीतून निर्दोष सोडलं, पण 'अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन' म्हणून दोषी धरलं. १८८२ च्या जूनअखेर बडतर्फ.

गोऱ्या अधिकाऱ्याला एवढ्यावर घरी पाठवलं नसतं, असं म्हणतात ते मलाही पटतं. तरी कामाच्या मोजमापाची बुकं आणि इम्प्रेस्टची, म्हणजे किरकोळ खर्चाला हाती दिलेल्या रकमेची, खाती हाताळलेला माणूस म्हणून त्या चेकचा राग येतो. तूट निघाली त्याच संध्याकाळी एक ओळ लिहून वर दिली असती, तर शाफ्टरच्या हातात काय उरलं असतं? तुझ्याकडे पाच डॉलर कमी पडले तरी त्याच दिवशी ईमेल कर, आणि कॉपी ठेव. वरचा माणूस चांगला असला तरी कर.

फ्लिपर पुढे सर्व्हेअर झाला, जमिनींचे स्पॅनिश कायदे इंग्रजीत आणले, मेक्सिकोत कामं केली. निकाल फिरवावा म्हणून अमेरिकी संसदेचे, तिथल्या काँग्रेसचे, उंबरे झिजवले, उपयोग झाला नाही. १९४० मध्ये गेला. सैन्याने १९७६ मध्ये नोंद सन्मानाच्या सेवामुक्तीची केली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने माफी दिली १९९९ मध्ये.

पार्सल सोमवारी टाकलंय. चकल्या वर आहेत, खाली भाजणी. कस्टमवाल्यांनी विचारलं तर पीठ म्हणून सांग.

तुझे,
बाबा