डबा डुलतो तेव्हा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या लखनौच्या संशोधन संस्थेत, रुजू होण्याआधी एक सवय मोड. आपण सगळे डब्याला बोगी म्हणतो. बोगी म्हणजे डब्याखालची चौकट, तिच्यातल्या दोन चाकजोड्या (एका आसावर घट्ट बसवलेली दोन चाकं म्हणजे एक जोडी), स्प्रिंगा आणि ब्रेक. एका डब्याखाली अशा दोन असतात. लखनौला बोलताना चुकलीस तर कुणी काही म्हणणार नाही, पण लक्षात ठेवतील.

आता डुलण्याचं. चाक फ्लँजकडे, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या उंच कडेकडे, जाडं आणि बाहेरच्या बाजूला निमुळतं असतं, उतार साधारण 1:20. चाकजोडी डावीकडे सरकली की डावं चाक मोठ्या व्यासावर चालतं, जास्त अंतर कापतं आणि जोडी उजवीकडे वळते. मग मध्य ओलांडून पलीकडे जाते. हेच हंटिंग. एका हेलकाव्याची लांबी काढायचं सूत्र क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने 1883 मध्ये दिलं: त्रिज्या गुणिले दोन्ही रुळांवरच्या टेकबिंदूंमधलं निम्मं अंतर, भागिले उतार; याचं वर्गमूळ, गुणिले 2π. आपल्या ब्रॉडगेजवर 915 मिमीच्या नव्या चाकाला साधारण 18 मीटर येतात. ताशी 130 किमीला सेकंदाला दोन हेलकावे.

नवखी माणसं इथेच घसरतात. हा आकडा सुट्या चाकजोडीचा आहे. एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेच्या नव्या डब्यांच्या, बोगीत दोन आसांमध्ये 2560 मिमी अंतर असतं. चौकट पूर्ण ताठ धरली तर तीच लांबी 31 मीटरच्या पुढे जाते. खरी गाडी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते, आस धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा किती कडक आहेत त्यावर. त्या कडक केल्या की सरळ मार्गावर गाडी शांत, पण वळणावर फ्लँज रुळाला घासतं. हे भांडण कधीच पूर्ण मिटत नाही.

झिजेचंही नीट बघ. चाक 915 वरून 845 मिमीवर आलं तरी लांबी फक्त 4 टक्क्यांनी घटते. पण चाकाला खोलगा पडून प्रभावी उतार चौपट झाला, तर ती निम्मी होते. म्हणून व्यासापेक्षा चाकाच्या आकाराची नोंद आधी माग. त्यानंतर यॉ डॅम्पर, म्हणजे बोगीचं डावी-उजवीकडे वळणं आवरणारा तेलाचा दट्ट्या, तेल गाळतोय का ते बघ.

डुलण्याचा दोष अनेक वर्षं रुळांवरच टाकला जायचा. मार्च 1955 मध्ये फ्रान्समध्ये विजेच्या इंजिनाने ताशी 331 किमी गाठले आणि मागे रूळ वाकडे झालेले सापडले. रूळ निर्दोष असले तरी गाडी आपल्याच रचनेमुळे डुलू शकते, हे जपानमध्ये मात्सुदाइरा या अभियंत्यांनी दाखवलं. त्यांनी आधी नौदलाच्या विमानांच्या कंपनांवर काम केलं होतं. त्या कामाचा उपयोग 1964 च्या शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला झाला. इंग्लंडमध्ये डर्बीच्या रेल्वे संशोधन केंद्रात हाच प्रश्न सोडवणारे विकन्सही विमानांकडूनच आले. आपल्यासारख्या रेल्वेवेड्यांनी हे जरा मनाला लावून घ्यावं.

दोष कुणाचा, हे ठरवायला तीन वेगवेगळ्या वेगांना मोज. हेलकाव्याची लांबी मीटरमध्ये तीच राहिली तर चाकजोडी किंवा बोगी. वेग बदलूनही सेकंदाचे हेलकावे तेवढेच राहिले तर डबा आणि त्याच्या स्प्रिंगा. दर फेरीला त्याच किलोमीटरला धक्का बसला तर रूळ.

पुढच्या वेळी डेक्कन क्वीनने येशील तेव्हा मोजून बघ. 2022 पासून तिला एलएचबी डबे आहेत. दारापासून दोन-तीन रांगा आत बस, बोगी तिथेच खाली असते. फोन फरशीवर दुहेरी चिकटपट्टीने लाव. मांडीवर ठेवलास तर तुझंच डुलणं नोंदलं जाईल. फोनच्या कंपनमापकाच्या सेकंदाला 100 नोंदी, वेग स्थिर असताना दोन मिनिटं, वेग जीपीएसवरून. घाटातली नोंद टाकून दे, तिथे सगळी वळणंच. कर्जतच्या खाली किंवा लोणावळ्याच्या पुढे सरळ तुकडे मिळतील.

फोनवर कुणाचा पाय पडू देऊ नकोस. चहावाले तिथूनच जातात.

तुझी,
आई