म्हणालीस म्हणून ऐकलं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर अपघाताबद्दलच्या माझ्या प्रश्नांना कंटाळून तू म्हणालीस, "आई, मी ठीक आहे. तू रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' ऐक, पहिलंच गाणं 'एअरबॅग' आहे, मग बोलू." बाबा म्हणाले, तिला विषय टाळायचाय. असेलही. पण मी ऐकला, त्या इंग्लिश बँडचा अख्खा अल्बम. बाराच्या बारा गाणी, ओळीने, बाबांचे हेडफोन लावून. ५३ मिनिटं. मग पुन्हा पहिल्यापासून.

या पत्रात गाडीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त गाण्यांबद्दल.

'एअरबॅग'चे ड्रम मला आधी खटकले. माणूस वाजवतोय असं वाटतं आणि वाटतही नाही. नंतर वाचलं की त्यांचा ड्रमर फिल सेल्वे याच्या वाजवण्यातले काही सेकंद उचलून, संगणकावर कापून जोडून तो ठेका केलाय. आणि ती बास गिटार! येते, दोन-चार स्वर वाजवते आणि गप्प होते. त्या गप्प जागा मी परत परत ऐकल्या. अपघातातून जिवंत बाहेर आलेला माणूस गातोय, पण गाण्यात भीती नाही, नवा जन्म मिळाल्याचा आनंद आहे. तूही फोनवर तशीच हसत होतीस. मला त्या हसण्याचीच धास्ती वाटली गं.

गाडीतली ती एअरबॅगची पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते म्हणे. पापणी लवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे तुझे डोळे उघडे होते की मिटलेले, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मला आहे. तू म्हणतेस रस्ता ओला होता. असेल. पण वेळ पहाटे साडेतीनची होती. मनू, डोळा लागला होता का?

बरं, राहू दे. दुसरं गाणं.

'पॅरॅनॉइड अँड्रॉइड' सहा मिनिटांहून मोठं आहे आणि एकमेकांशी न पटणारे तुकडे शिवल्यासारखं आहे, तरी शिवण उसवत नाही. मधे गिटार बिथरते तिथे मी बोटांवर मोजलं, तर सात मात्रा! मधेमधे चार, आणि मग परत सात. तू रूपक ताल शिकत होतीस तेव्हा पहिल्या तीन मात्रा पळतच घ्यायचीस. नाना पेटीवर टिचकी मारून थांबवायचे, तू "मी बरोबरच आहे" म्हणायचीस आणि पुन्हा पळायचीस. आत्याने तेव्हाच म्हटलं होतं, ही पोर कुठेही चालत जायची नाही. त्या गदारोळानंतर सगळं एकदम संथ होतं, एका आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा आवाज रचला जातो. तो भाग मी मागे नेऊन नेऊन ऐकला. इतक्या आरडाओरडीनंतर असं खाली बसता येणं फार थोड्यांना जमतं.

तिसऱ्यात परग्रहावरचे लोक वरून आपल्याला न्याहाळतायत. इलेक्ट्रिक पियानो इतका मऊ आहे की माझा उरलासुरला राग विरघळत होता. मग शब्द वाचले. हाही रात्री उशिरा, आडरस्त्यावर, गाडी चालवतोय. ही सगळी मुलं रात्रीच का निघतात?

'एक्झिट म्युझिक' १९९६ च्या 'रोमिओ + ज्युलिएट' सिनेमाच्या शेवटासाठी केलेलं. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरीन्स कोर्ट नावाच्या जुन्या वाड्यात, दगडी जिन्यात उभं राहून त्यांचा गायक थॉम यॉर्क गायलाय. आवाजाला जी ओल आहे ती त्या दगडांची. त्याच वाड्यातल्या नृत्याच्या दालनात, पहाटे तीनच्या सुमारास, त्यांनी पाचवं गाणं ध्वनिमुद्रित केलं. 'लेट डाउन'.

याच्यावर मला बोलायचंय. बाकीची वाद्यं एका मोजणीत आणि जॉनी ग्रीनवुडची गिटार दुसऱ्याच मोजणीत. दोन्ही आपापल्या वाटेने चालतात आणि तरी कुठे आपटत नाहीत. रस्ते, ट्राम, विमानं सुटणं आणि उतरणं, आणि या सगळ्या येण्याजाण्यात काहीच न वाटणारा माणूस. आणि मग शेवटाकडे दुसरा आवाज निघतो, पहिल्याच्या वर, वेगळे शब्द घेऊन. तू म्हणाली होतीस ना, की लोकांना तो आवाज पहिल्या ऐकण्यात सापडत नाही? मलाही सापडला नाही. तुझा कान माझ्याहून चांगला आहे. तानपुऱ्याची एक तार किंचित उतरलेली असली तर तू दारातूनच सांगायचीस, आणि नाना माझ्याकडे बघून नुसते मान डोलवायचे. त्या वेळी मला जे वाटायचं ते परवा हेडफोनमध्ये पुन्हा वाटलं.

तेही पहाटे तीनला जागेच होते, असं तू म्हणशील. होते. पण स्टिअरिंगवर नव्हते.

'कर्मा पोलीस'चा शेवट एड ओब्रायनच्या गिटारच्या आवाजात विरघळत जातो, तो आवडला. सातवं 'फिटर हॅपिअर' गाणं नाहीच. मॅकिंटॉश संगणकाचा निर्जीव आवाज शहाण्या माणसाच्या संकल्पांची यादी वाचतो. त्यात चालक म्हणून जास्त संयमी होणं आहे, जास्त सुरक्षित गाडीही आहे. मी म्हटलं, बघ, हेही तेच सांगतायत! दुसऱ्यांदा ऐकताना कळलं, त्यांना त्या यादीचीच भीती वाटतेय.

तरीही माझी यादी लिहिते. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतंच, कितीही तरुण असो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी ११० मीटर जाते, कोणीही चालवत नसताना. काच खाली केल्याने किंवा गाणी मोठ्याने लावल्याने झोप जात नाही, फक्त गेल्यासारखी वाटते. ही गाणीसुद्धा नाहीत उपयोगाची. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपलीस तर फरक पडतो. आणि पट्टा लावलेला असेल तरच ती पिशवी नीट वाचवते.

रागावू नकोस. तू लावला होतास, म्हणून तर मी आज गाण्यांवर लिहितेय.

आठवं नुसता गोंगाट, मला झेपलं नाही. नववं अंगावर येतं. सोळा तंतुवाद्यं पाव-पाव स्वराच्या अंतराने एकदम वाजतात. ते ऐकून माझ्या पोटात ढवळलं, आणि ते तसंच व्हायला हवं असणार.

'नो सरप्रायझेस' मात्र बाबांनीही ऐकलं. ते ग्लॉकनस्पीलचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे थेंब, अगदी अंगाईसारखे. वाद्यं आधी जलद वाजवून घेतली आणि मग त्यांची गती उतरवून त्यावर गायलाय, म्हणून सगळं जडशीळ वाटतं. नोकरीने हळूहळू मारून टाकलेला माणूस शांतता मागतोय. बाबांनी हेडफोन काढले आणि विचारलं, "ही रोज कितीला सुटते?" मला सांगता आलं नाही. ते कळव. साहेबांना नाही म्हणता येत नसेल तर तेही कळव. सांगायला लाजू नकोस.

'लकी' १९९५ मध्येच, बोस्नियातल्या युद्धात होरपळलेल्या मुलांच्या मदतीसाठी केलेल्या संग्रहात आलं होतं. पुन्हा अपघात, या वेळी विमानाचा, आणि कोणीतरी बाहेर ओढून काढावं म्हणून हाक.

शेवटच्या 'द टूरिस्ट'ची चाल जॉनीची, शब्द थॉमचे, फ्रान्समधल्या एका चौकात सगळं काही बघून घ्यायला धावणारे पर्यटक पाहून सुचलेले. इतक्या संथ लयीत की दोन ठोक्यांच्या मधे श्वास घेऊन सोडता येतो. त्यात तो एकच गोष्ट मागतो, जरा हळू. इंग्लंडमधली पाच मुलं १९९७ साली, तू रांगत होतीस तेव्हा, माझं म्हणणं माझ्याहून चांगलं म्हणून गेलीत, तेव्हा मी वेगळं काय लिहू.

खरं काय झालं ते सांगितलंस तर मी ओरडणार नाही. बाबांनाही सांगून ठेवलंय.

त्यांचा २००० सालचा 'किड ए'ही लावून पाहिला. पहिल्या गाण्यात मला दहा मात्रा लागल्या, पण झपतालासारखे खंड पडत नाहीत. तू मोजून सांग. दिवसा मोज, आणि गाडीत नको.

तुझी,
आई