शाळेचा इतिहास दाखल-खारीज रजिस्टरात आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की मराठवाड्यातल्या जुन्या शाळांवर लेख येतात, शताब्दीच्या स्मरणिका निघतात. त्यांत संस्थापकांचे फोटो असतात, मुख्याध्यापकांची यादी असते. मुले कोणत्या गावांहून आली, कितवीत शाळा सोडली, का सोडली, याचा मात्र पत्ता नसतो. ते सगळे दाखल-खारीज, म्हणजे प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदींच्या, रजिस्टरात ओळीने लिहिलेले आहे. निजामी अमलातल्या सरकारी फौकानिया (हायस्कूल) शाळांची ही रजिस्टरे उर्दूत आहेत, त्यामुळे सहसा ती कुणी उघडत नाही. कुणबी नोंदींच्या शोधात 2023 मध्ये ती कपाटाबाहेर आली, पण जातीच्या रकान्यापुरतीच.

वाचताना सर्वांत जास्त घोळ सनाचा होतो. या रजिस्टरांतल्या तारखा फसली सनात, म्हणजे निजामी सरकारच्या कालगणनेत आहेत. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, हे अर्धेच खरे आहे. हैदराबाद संस्थानाचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, 1 आजूरला सुरू होई. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांच्या बहुतेक दिवसांना 590 चालतात. जानेवारी लागला की 591 मिळवावे लागतात. जून-जुलैपासून वर्ष धरणारी इतर प्रांतांची कोष्टके इथे उपयोगाची नाहीत. फरक वर्षाचाच, पण महाग पडतो. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम्‌ची चळवळ 1938 च्या अखेरीस पेटली. आपल्या शाळेत तिचे पडसाद उमटले का, हे 1348 फसलीच्या खारीज नोंदींत पाहावे लागते. इस्फंदार (चौथा महिना) 1348 मध्ये नाव कमी झालेला मुलगा सरसकट 590 च्या हिशेबाने जानेवारी 1938 मध्ये, म्हणजे चळवळीच्या आधीच, शाळेबाहेर पडलेला दिसतो. खरा महिना जानेवारी 1939 आहे.

आकड्यांतही फसगत होते. उर्दू लिपी उजवीकडून, आकडे मात्र डावीकडून. शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो पुसला की दहा तारखेची एक तारीख होते, आणि शाईचा डाग पडला की एकची दहा. दोनला एक दात, तीनला दोन. शाई पसरली की दोन्ही सारखेच. नावांचे तर विचारूच नका. उर्दूत ण नाही, ळ नाही, त्यामुळे काळे आणि काले सारखेच लिहिले जातात. ब, न, त, य शब्दाच्या मधे आले की केवळ नुक्त्यांवरून (अक्षराच्या वर-खाली दिलेल्या ठिपक्यांवरून) ओळखायचे, आणि घाईत लिहिणारा कारकून नुक्ते गाळतो. धाकट्या भावाचे नाव 1948 नंतरच्या मराठी रजिस्टरात सापडले तर आडनाव पक्के करता येते. नाही सापडले तर दोन्ही वाचने लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. अंदाजाने एक नाव ठरवून टाकू नये, कारण हीच यादी पुढे जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून मागितली जाते.

कळकळीची विनंती ही की फाटणारी पाने लॅमिनेट करू नका. उष्णतेने जुना कागद आणखी कमकुवत होतो आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. झेरॉक्ससाठी बांधणी उसवू नका. रजिस्टर उशीवर अर्धवट उघडे ठेवून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात वरून सरळ फोटो घ्यावा. मुखपृष्ठ, कोरी पाने, समासातले शेरे काहीही सोडू नये. फाइलच्या नावात खंड आणि पान क्रमांक हवाच. मग रजिस्टरे सुती कापडात बांधून लोखंडी कपाटात आडवी ठेवावीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असावे, नाहीतर पावसाळ्यात भिंतीची ओल आणि तिच्यामागून वाळवी येते.

माध्यमिक शाळांचे जनरल रजिस्टर, म्हणजे हेच दाखल-खारीज रजिस्टर, हे कायम जतन करायचे दप्तर आहे, तरी त्याच्यासाठी वेगळा पैसा सहसा कुणी काढत नाही. स्मरणिकेच्या रंगीत पानांतली चार कमी केली तरी फोटोंचे काम सुरू होऊ शकते. उर्दू वाचू शकणारे निवृत्त शिक्षक आज गावोगावी आहेत; शिक्षण विभागाने त्यांना मानधन देऊन या कामाला जोडावे, आणि प्रत्येक पान दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावे.

आपला,
एक वाचक, परभणी