आई, गुडघ्याचं आता मनावर घे

आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की आई लगेच जेवलीस का वर येते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजी आहेत, पंच्याऐंशी पार, इथल्या डब्लिनच्याच. रात्री झोप येत नाही त्यांना, मग माझ्या नाइट ड्युटीला गप्पा चालतात. मला आपलं वाटायचं हे लोक पहिल्यापासून गाडी-बंगलावाले, कसलं काय! आजींचं अख्खं घर एका खोलीत, आठ भावंडं, कधीकाळी श्रीमंतांनी बांधलेली मोठी घरं पण तेव्हा खोलीखोलीत एक बिऱ्हाड, नळ-संडास खाली अंगणात आणि रात्री बादली. तसलं एक घर हेन्रिएटा स्ट्रीटला म्युझियम म्हणून ठेवलंय, सुट्टीत जाऊन बघितलं, १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १७ कुटुंबं आणि १०० माणसं. लालबागला आपल्याला निदान गॅलरी तरी होती बाबा.

आजींचे वडील गोदीत रोजंदारीवर. सोमवारी सकाळी त्यांचा चर्चला घालायचा सूट आई गहाण ठेवायची, शनिवारी हातात पैसे आले की सोडवायची, सोमवारी परत तेच. सूट ब्राऊन पेपरात गुंडाळून बाबागाडीत तळाला आणि वर बाळ झोपवलेलं, कुणाला कळू नये म्हणून. आजी म्हणाल्या, अगं सोमवारी गल्लीतल्या सगळ्याच बाबागाड्या तिकडेच निघालेल्या असायच्या, आणि बायका एकमेकींशी पावसाबद्दल बोलायच्या. ८२ च्या संपात तू पाटल्या घेऊन सोनाराकडे जायचीस तेव्हा पिशवीत वर मेथीची जुडी असायची ना आई, मला तेव्हाही माहीत होतं.

सरकारी मदत म्हणजे १९४४ पासून तिसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला अडीच शिलिंग, तीसुद्धा बापाच्या हातात, आईच्या नावाने मिळायला १९७४ उजाडलं. फुकट हायस्कूल आलं १९६७ ला, तोवर आजी कधीच शिवणाच्या कारखान्यात लागल्या होत्या, चौदाव्या वर्षी. घर तगलं ते मोठ्या बहिणीमुळे. ती इंग्लंडला नर्स (बघा!), दर आठवड्याला रजिस्टर पाकिटातून पैसे पाठवायची. तिच्यासारखी पन्नासच्या दशकात चारेक लाख माणसं हा देश सोडून गेली आणि मागची कित्येक घरं त्या पाकिटांवर चालली.

मी विचारलं, आई त्यातले साठवायची का हो? आजी एवढ्या हसल्या की खोकला आला. म्हणे साठवणार कशाला, पाकीट यायच्या आधी कोळसेवाला दारात उभा. बहीण सुट्टीला आली की भावंडांना रांगेत उभं करून बूट बघायची, हे माझ्या पैशाचे, हे पण माझ्या पैशाचे, आणि खूश व्हायची.

आणि आमच्याकडे काय, तर मी पाठवते ते सगळं एफडीत, नातवंडांना होतील म्हणे. नातवंडांना काही कमी नाहीये, त्यांना उलट थोडं कमी मिळालं तर बरं. इकडे आई कठडा धरून एकेक पायरी उतरते आणि विचारलं की हवा बदललीय म्हणून दुखतंय. हवा गेली तीन वर्षं बदलतेय का?

दादाशी बोललेय. डॉक्टर दिवाळीनंतरची तारीख देतायत, दोन्ही गुडघे एकदम नको, आधी उजवा. एफडी मोडायला बाबांची सही लागेल, दादा शनिवारी फॉर्म घेऊन येईल तेव्हा पेन सापडत नाही असं करू नका. मी महिनाभराची रजा टाकलीय.

तुमची,
ताई