हरलेल्या कोचला वेळ द्या

मा. संपादक,

न्यूझीलंडचे माजी रग्बी कोच ग्रॅहम हेन्री यांच्याबद्दल वाचलं आणि लिहावंसंच वाटलं. मुळात हा माणूस शाळामास्तर, पुढे हेडमास्तर झाला, मग वेल्सचा कोच आणि नंतर ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी टीमचा. २००७ च्या वर्ल्डकपला क्वार्टर फायनलमध्येच फ्रान्सकडून २०-१८ ने हरले, सगळीकडून टीका, तरी बोर्डाने त्यांनाच परत नेमलं आणि २०११ ला त्याच फ्रान्सला फायनलमध्ये ८-७ ने हरवून कप जिंकला, फक्त एका पॉइंटने! आपल्या सोलापुरात शाळेची खो-खोची टीम एक स्पर्धा हरली की पालक लगेच क्रीडाशिक्षकांनाच बोल लावतात. असं करू नका हो, तीन-चार वर्षं तरी द्या त्यांना.

– एक वाचक, सोलापूर